टेबलाखालचा पाहुणा

(पाळीव प्राण्यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना पुण्यातल्या एक पशुवैद्य या सदरात उत्तरं देतात.)

प्रश्न : आमचा बिट्टू तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. घराजवळच्या एका कॅफेच्या दारावर ‘पाळीव प्राण्यांचं स्वागत’ असं लिहिलंय, म्हणून रविवारी त्याला बरोबर नेतो. गेल्या महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आरडाओरडा करून मुलांना खुर्चीवर उभं केलं, आणि मॅनेजरने आम्हालाच बाहेर बसायला सांगितलं. बिट्टू कुणाला काही करत नाही. लंडनला मेव्हण्याकडे गेलो होतो तेव्हा पबमध्ये कुत्री खुशाल बसलेली पाहिली. मग आपल्याकडेच एवढं वावडं का?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : ‘काही करत नाही’ हे मी गेली एकतीस वर्षं ऐकतेय आणि माझ्या डाव्या हाताला टाके पडलेत ते सगळे असल्याच गुणी बाळांचे. तुम्ही खोटं बोलताय असं नाही. तुम्हाला घरातला बिट्टू माहीत आहे. कॅफेतला बिट्टू वेगळा असतो.

आधी कायदा उरकून घेऊ. खाद्यव्यवसायाच्या परवान्यांबाबतचे आपले केंद्रीय नियम 2011 चे आहेत. त्यांच्या चौथ्या परिशिष्टात, उंदीर-झुरळांच्या बंदोबस्ताच्या परिच्छेदातच, प्राणी, पक्षी आणि पाळीव प्राण्यांना खाद्यपदार्थांच्या जागेत येऊ देऊ नये असं लिहिलंय. म्हणजे तुमचा बिट्टू कागदोपत्री झुरळाच्या पंगतीला. दारावरची पाटी ही मालकाची हौस झाली, परवानगी नव्हे. (पुण्यात पाटी लावायला कारण लागत नाही, हा भाग वेगळा.) उद्या कुणी तक्रार केली तर ती पाटी मालकाला वाचवेल असं मला वाटत नाही. तेव्हा मॅनेजरवर राग धरू नका.

इंग्लंडमध्ये नियम स्वयंपाकघरापुरता आहे. जिथे अन्न तयार होतं, हाताळलं जातं, साठवलं जातं, तिथे कुत्रा नको. गिऱ्हाइकांच्या बसण्याच्या जागेचं काय करायचं ते मालक ठरवतो. अंध माणसाबरोबरच्या मार्गदर्शक कुत्र्याला मात्र ‘आमच्याकडे कुत्रे चालत नाहीत’ एवढंच सांगून परत पाठवता येत नाही, ते 2010 च्या समानता कायद्यात बसत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने 2015 पासून हॉटेलांच्या बाहेरच्या अंगणात कुत्र्यांना मोकळीक दिली, तीही अटी घालून : कुत्र्याने हॉटेलातून चालत अंगणात जायचं नाही, बाहेरचं वेगळं दार हवं. आपल्याकडेही असा काही मधला रस्ता निघावा असं माझं मत आहे. पण तुम्ही जे लंडनला पाहिलंत ते कायद्यामुळे घडत नाही.

माझी मुलगी यॉर्कशरमध्ये राहते. तिच्या गावाजवळच्या एका पबमध्ये नोव्हेंबरात आम्ही बसलो होतो. बाहेर भुरभुर पाऊस. एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची स्पॅनियल आत आले, दोघंही निथळत. गृहस्थांनी खिशातून जुना टॉवेल काढला, कुत्रीचे चारही पाय एकेक करून पुसले, टॉवेल जमिनीवर अंथरला आणि मगच स्वतःचा कोट काढला. कुत्री त्या टॉवेलवर बसली, पुढच्या पायांवर हनुवटी टेकली आणि झोपली. तासाभरात तिने एकदाच डोळा उघडला, शेजारच्या ताटात सॉसेज आलं तेव्हा. मी विचारलं तर कळलं, दोघं सकाळपासून डोंगरात चालत होते. शिवाय हे सगळं बारच्या दगडी फरशीवर. पलीकडे जेवणाची वेगळी खोली होती, तिथे कुत्र्यांना मज्जाव होता, आणि त्यावर कुणी वाद घालत नव्हतं.

आता आपला रविवार बघा. कुत्रा रात्रभर फ्लॅटमध्ये, मग लिफ्ट, मग एसी गाडी, आणि तिथून थेट कॅफे. अंगात सगळी रग शिल्लक. डोक्यावर स्पीकर. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45 हजारांच्या आसपास. कपबशांचा खणखणाट त्याला कसा लागत असेल त्याची कल्पना करा. वर हा लॅब्रॅडॉर! 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पोट भरल्याचा निरोप पोचवणाऱ्या जनुकाचा एक तुकडाच नसतो. अशा जनावराला ऑम्लेटच्या वासात तासभर बसवणं म्हणजे उपाशी माणसाला लग्नाच्या पंगतीत वाढप्याचं काम देण्यासारखं आहे.

पुढच्या वेळी एक करा. तो उठला की तो बसला होता तिथली फरशी बघा. कुत्र्याला घाम सुटतो तो मुख्यतः तळव्यांना. घाबरलेला कुत्रा गुळगुळीत फरशीवर ओले ठसे सोडतो. माझ्या तपासणीच्या स्टीलच्या टेबलावर मी ते रोज पाहते, चार वाटोळे डाग आणि पुढे बोटांचे ठिपके. शेपटी हलत असते, मालक म्हणतो खूश आहे, आणि टेबल ओलं! त्याच्या जोडीला झोप नसताना जांभया, उगाच ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसणं हे असेल, तर बिट्टूला तिथे राहायचं नाहीये. त्याला उठून जाता येत नाही, कारण पट्टा खुर्चीला बांधलाय.

त्या बाईंचंही सांगते. त्यांनी ओरडायला नको होतं. पण तुम्ही आत शिरताना ‘इथे बसलो तर चालेल का?’ एवढं विचारलं होतंत का?

आणखी एक, ताटातलं काही देऊ नका. आपल्या जवळजवळ प्रत्येक रश्श्यात कांदा-लसूण असतो, त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. केकमधल्या मनुकांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

प्रश्न : लहानपणी कुत्रा चावल्यापासून मला भीती वाटते. गोव्याला शॅकवर गेलो की मासळीच्या वासाने कुत्री पायाशी येऊन बसतात. नवरा हसतो. मी काय करावं?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : पहिल्यांदा नवऱ्याला खुर्ची बदलायला लावा, समुद्राच्या बाजूची त्याला. ती कुत्री बहुधा तिथलीच असतात, शॅकवाला त्यांना नावाने ओळखतो. त्याला सांगितलं की तो हाक मारून घेऊन जातो. पाय झाडू नका, पळू नका, तोंडाकडे टक लावून पाहू नका. ताट टेबलाच्या मधोमध ठेवा आणि काटा वाळूत टाकू नका. नवऱ्यालाही सांगा, तोच टाकत असणार.

दात किंवा नख लागलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही भरायचं नाही. आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस सुरू करायची. परत घरी गेल्यावर बघू, असं नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर आमच्या हातात जवळपास काही उरत नाही.

प्रश्न : माझं छोटं हॉटेल आहे, मागे अंगण आहे. मुंबईहून कुत्री घेऊन येणारे पर्यटक वाढलेत. अंगण त्यांच्यासाठी ठेवावं का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : आधी अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला विचारा, शक्यतो लेखी. त्यांनी हरकत घेतली नाही तर बाहेरून वेगळं दार, भिंतीत कड्या, प्यायला वेगळी भांडी, वेगळी बादली आणि पोछा. गिऱ्हाइकाकडून रेबीजच्या लशीचं कार्ड बघायला लाजू नका. पट्टा दोन हातांपेक्षा लांब नको. वेटर गरम चहाचा ट्रे घेऊन येतो तेव्हा त्याला पायाखालची दोरी दिसत नाही.

आणि वेटरांनाही विचारा. मागे एका ठिकाणी मी माझ्या सोनीला घेऊन बसले होते. पाणी आणणारा मुलगा दर वेळी टेबलाला लांबून वळसा घालून पलीकडून ग्लास ठेवायचा. मला वाटलं, नवीन आहे. बिल देताना त्याने पँट जरा वर केली आणि पोटरीवरचा जुना वण दाखवला. म्हणाला, ‘‘मॅडम, शेठना नका सांगू.’’ एकतीस वर्षं मी कुत्र्यांची भीती ओळखून पोट भरते, आणि समोरच्या पोराची मला दिसली नव्हती. त्या दिवसापासून सोनी घरीच असते. तुम्ही विचाराल तेव्हा स्वतः मालक म्हणून समोर बसून विचारू नका. बायकोला किंवा आचाऱ्याला विचारायला सांगा.