निकॉन पी९०० वर फुल झूम केला की समोरच्या झाडावरचा पक्षी फोकसच होत नाही, लेन्स नुसती मागेपुढे करते, कॅमेरा बिघडलाय का?

बहुतेक बिघडलेला नाही, पक्षी जवळ आहे म्हणून असं होतंय. या कॅमेऱ्याची लेन्स २४ ते २००० मिमीची (फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या हिशोबाने), आणि फुल झूमला साधारण ५ मीटरच्या आतलं काही ती फोकस करूच शकत नाही, वाइडला (झूम न करता) मात्र ५० सेंमीपर्यंत चालतं, त्यामुळे खिडकीबाहेरच्या फांदीवरचा बुलबुल असेल तर झूम थोडा मागे घ्या, फोकस झाल्याची हिरवी चौकट लगेच येईल. पक्षी लांब असूनही होत नसेल तर कारण बहुतेक कमी उजेड, कारण फुल झूमला अॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) एफ/६.५ वर येतं, म्हणजे उजेड कमी येतो, आणि फोकस कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद भागांतला फरक) बघून होतो, मग संध्याकाळी काळ्या कोतवाल पक्ष्यावर त्याला पकडायला काही सापडतच नाही! अशा वेळी हे करून बघा:

- मेनूत एएफ एरिया (फोकस कुठे करायचा ती जागा) मॅन्युअल स्पॉट, म्हणजे एकच छोटी चौकट, ठेवा, नाहीतर पुढचं पान फोकस होतं
- चोच किंवा पंखाच्या कडेवर धरा, तेही जमलं नाही तर तेवढ्याच अंतरावरच्या खोडावर बटण अर्धं दाबून धरून ठेवा आणि मग फ्रेम हलवा
- डिजिटल झूम बंद करा

पण दिवसाउजेडी वाइडलाही लांबची पाटी धूसर दिसत असेल किंवा झूम करताना कर्रकर्र आवाज येऊन लेन्स अडकत असेल तर तो खरा बिघाड, लेन्स हाताने ढकलू नका प्लीज, सरळ सर्व्हिस सेंटरला दाखवा.