दाराशी येऊन निघून जाणाऱ्या मांजराशी मैत्री कशी करावी?

तुम्ही लिहिले आहे, की परिसरातले एक मांजर अधूनमधून तुमच्या दाराशी येते, थोडा वेळ बसते, पण तुम्ही उठून त्याच्याकडे जाऊ लागताच निघून जाते. त्याच्याशी मैत्री करायची असेल तर काय करावे, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे, की आधी ते उठून जाणेच सोडून द्या. मांजराने स्वतःहून साधलेली जवळीक माणसाने साधलेल्या जवळिकीपेक्षा अधिक वेळ टिकते, असे मांजरांच्या वर्तनाच्या अभ्यासात आढळले आहे, आणि बाहेरून येणाऱ्या मांजरांशी माझी जी ओळख जमली, तीही याच रीतीने जमली.

ते आले, की आहात तिथेच खाली बसा. त्याच्याकडे तोंड करून न बसता थोडे तिरके बसा आणि हातातले काम चालू ठेवा. त्याच्या आणि बाहेर पडण्याच्या वाटेच्या मध्ये मात्र कधीही बसू नका. मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण निसटण्याची वाट मोकळी दिसते तोवरच मांजर धीट असते. पुढे ते घरात डोकावू लागले, तरी ‘आता आत आलेच आहे’ म्हणून दार लोटून घेऊ नये. एकदा कोंडले गेलेले मांजर त्या घराला फार काळ बिचकून राहते.

रोखून पाहणे ही मांजरांच्या व्यवहारात धमकी असते; भांडणापूर्वी दोन बोके एकमेकांकडे कसे टक लावून बसतात, ते तुम्ही पाहिले असेलच. नजरानजर झालीच, तर डोळे अर्धवट मिटा, क्षणभर बंद ठेवा आणि सावकाश उघडा. ब्रिटनमधील ससेक्स आणि पोर्ट्समथ या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, असे सावकाश डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाने हात पुढे केल्यावर मांजरे त्याच्याजवळ अधिक वेळा गेली; निर्विकार चेहऱ्याने बसलेल्या माणसाजवळ ती तितकी गेली नाहीत. मांजरानेही उलट तसेच डोळे मिटले, तर तुमचे म्हणणे त्याला पोहोचले असे समजायला हरकत नाही. बोलायचे असेल तर हळू आवाजात बोला. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही पुढचे, त्यामुळे आपल्या कानांना न जाणवणारी खसफससुद्धा त्याला दचकवू शकते.

काही भेटींनंतर ते हाताच्या अंतरावर येईल. अशा वेळी हात त्याच्या डोक्यावरून नेऊ नका. एक बोट किंचित वाकवून त्याच्या नाकाच्या उंचीवर, थोडे अलीकडे धरा आणि थांबा. ते मान लांब करते, मिशा पुढे वळतात, गार ओलसर नाक बोटाच्या टोकाला लागते, आणि मनात आले तर मान तिरपी करून ओठांच्या कोपऱ्यापासून गालापर्यंतचा भाग ते त्या बोटावर घासते. गालांपाशी त्याच्या गंधग्रंथी असतात, म्हणून या घासण्याने ते तुमच्यावर स्वतःचा वास लावत असते. माझ्या मते मैत्रीची खरी सुरुवात इथे होते. नाक लावून ते मागे सरले, तर त्या दिवशी तेवढेच पुरे.

गोंजारताना गाल, हनुवटीखालचा भाग आणि कानांच्या मुळाशी हात फिरवा. पोट आणि शेपटीचे मूळ टाळा. मांजर लोळून पोट दाखवते, तो विश्वास असतो, पोटाला हात लावण्याचे आमंत्रण नव्हे. दोन-तीनदा हात फिरवून थांबा आणि ते पुन्हा डोके पुढे करते का, ते पाहा. शेपटी उभी ठेवून येणारे मांजर स्नेहाने येत असते. पण शेपटी आपटू लागली, कान मागे पडले किंवा पाठीची कातडी थरथरली, तर हात ताबडतोब काढून घ्यावा. तरीही चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मांजराच्या दातांची जखम लहान दिसली तरी खोल असते आणि रेबीजचा धोका असतो.

काही मांजरे इतके करूनही अंगाला हात लावू देत नाहीत. वयाच्या सुमारे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागला नसेल, तर मोठेपणी ते माणसाला सहसा दबकूनच असते. त्यात तुमचा दोष नाही आणि त्याचाही नाही. चार हातांवर बसून सोबत करणारे मांजरसुद्धा मित्रच आहे.

खाण्याने ओळख लवकर वाढते, परंतु आधी ते कोणाचे पाळलेले आहे का, याची शेजारी चौकशी करा, कारण त्याला औषध किंवा पथ्य चालू असू शकते. कोणाचेच नसेल, तर मांजरांचे तयार खाद्य आणि स्वच्छ पाणी ठेवा. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. कांदा-लसूण त्यांच्या रक्ताला अपायकारक असतो, आणि पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते. कानाचे टोक सरळ कापलेले असेल, तर त्याची नसबंदी झाली आहे असे समजावे. तशी खूण नसेल आणि धनीही नसेल, तर नसबंदी आणि लसीकरण यांबद्दल पशुवैद्यांशी बोला.

ते काही दिवस फिरकले नाही, तर लगेच काळजी करू नका; अशी मांजरे अनेक घरांशी संबंध ठेवून असतात. परत आल्यावर उचलून जवळ घेऊ नका, नेहमीसारखेच बसा. मात्र ते आल्यावर त्याच्या अंगावरचे केस विस्कटलेले आणि मळके दिसले, म्हणजे त्याने अंग चाटणे सोडले असेल, किंवा समोरचे खाणे हुंगून ते बाजूला झाले, तर वाट पाहू नका. धन्याला कळवा, आणि धनी नसेल तर पशुवैद्यांना.