नीट परीक्षा परत द्यायला एक वर्षाचा ड्रॉप घेतलाय, वर्षभर हॉस्पिटलात काम केलं तर एमबीबीएसला उपयोग होईल का?

नाही, भारतात त्याचा एक गुणही मिळत नाही. कळव्याचं राजीव गांधी असो की नेरुळचं डी. वाय. पाटील मेडिकल कॉलेज, एमबीबीएसची यादी नीटच्या ७२० पैकी गुणांवरच लागते. बरोबरी झाली तर आधी बायोलॉजीचे गुण बघतात, अनुभवाचं सर्टिफिकेट नाही. मी कोपरखैरण्यात नीटची बायोलॉजी शिकवते, दरवर्षी हाच प्रश्न येतो. ते वर्ष फिजिक्सला द्या, बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

अपवाद परदेशाचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी पदवी लागते. मग सामाईक अर्जात कामाच्या १५ पर्यंत नोंदी, तासांसकट भरता येतात. ब्रिटनमध्ये बारावीनंतरच अर्ज चालतो आणि मुलाखतीत कामाबद्दल खोदून विचारतात. तिकडे जायचं असेल तर ओळखीच्या डॉक्टरांमागे चार दिवस फिरण्यापेक्षा (ते सगळेच करतात) एखाद्या वृद्धाश्रमात सहा महिने नियमित जा. आजोबांना भरवताना ते तोंड फिरवतात, तेव्हा तुम्ही काय केलंत, हे सांगता आलं पाहिजे. तारीख, तास आणि काय खटकलं ते त्याच रात्री वहीत लिहा, आजी-आजोबांचं नाव न घालता.