अम्माची ‘आई’ करू नकोस

‘ताई, मी दहावीत आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरी तेलुगू, शाळा मराठी. अम्मा विड्या वळते. मी वहीच्या मागच्या पानांवर कविता लिहिते. अन्नाने, म्हणजे मोठ्या भावाने, ती वही मित्रांसमोर मोठ्याने वाचली, सगळे हसले. बाईंना एक कविता दाखवली, तर म्हणाल्या, “अम्मा काय, आई लिही. आधी भाषा शुद्ध कर.” दोन महिने पेन हातात धरवत नाही. सोडून देऊ का कविता?’

बाळा, सोडू नकोस.

अन्ना चुकलाच. न विचारता वही उघडणं हीच चूक, हसणं त्याच्या पुढची. तो एकटा असताना त्याला एवढंच सांग, ‘माझी वही मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही.’ भांडू नकोस, पण हे सांगायचं टाळूही नकोस. आणि कवितेसाठी वेगळी वही कर. गणिताच्या मागे लपवलेली कविता कुणाच्याही हाती लागते.

आता तू पाठवलेल्या ओळी.

‘अम्माच्या बोटांना पानाचा रंग,
भाताच्या घासालाही तंबाखूचा वास.
मी वही मिटते,
तिचं सूप मिटत नाही.’

मी या चार ओळी तीनदा वाचल्या. ‘घासालाही’ मधल्या त्या ‘ही’त तुमचं अख्खं घर आलंय. आणि मांडीवरचं सूप वहीसारखं मिटत नाही, हे दिसायला रोज त्या सुपासमोर बसून अभ्यास करावा लागतो. ‘अम्मा’च्या जागी ‘आई’ घालून वाचून बघ. ओळ बरोबर राहते, पण ओळीतली बाई दुसरीच कुणीतरी होते. बाईंचं शुद्धलेखन परीक्षेत पाळ, तिथे त्यांचं म्हणणं खरं आहे. कवितेत अम्मा अम्माच राहू दे.

तुझं गाव तर याबाबतीत फारच श्रीमंत. ज्या सिद्धेश्वराच्या यात्रेत तू दर जानेवारीत नंदीध्वज बघतेस, ते सिद्धरामेश्वर स्वतः वचनकार होते. बाराव्या शतकात त्यांनी कन्नडमध्ये वचनं, म्हणजे छोट्या मुक्त कविता, लिहिली. पुढे अठराव्या शतकात याच सोलापुरात शाहीर राम जोशी जन्मले. तमाशाच्या नादापायी त्यांना थोरल्या भावाने घराबाहेर काढलं, असं सांगतात. तरी त्यांची लावणी थांबली नाही. आणि मंगळवेढ्याचे चोखोबा काय, कान्होपात्रा काय, ज्यांना समाजाने हलकं लेखलं त्यांचे अभंग आपण आज गातो. कन्नड, मराठी, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या गावात एक तेलुगू शब्द जड व्हावा, हे मला पटत नाही.

यमकाच्या मागे मात्र लागू नकोस. तुझ्या दुसऱ्या कवितेत ‘आभाळ’ला जुळवायला ‘सकाळ’ आणलीस आणि तिथेच ती कविता खोटी वाटली. दहावीचं वर्ष आहे, म्हणून रात्री अभ्यास आटोपल्यावर वीस मिनिटं फक्त. परीक्षा झाली की हिराचंद नेमचंद वाचनालयात जा आणि कवितांच्या कपाटापाशी निवांत उभी राहा.

या रविवारी दुपारी अम्माजवळ बस. तिला मराठी वाचता येत नसेल तर तू वाचून दाखव, अडेल तिथे तेलुगूत सांग. तिचे हात चालू राहतील, राहू देत. कुठल्या ओळीला ते थांबले, ते मला कळव.