जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला चारही रेडियल टायर बसवले, आता स्टेपनी कुठल्या साइजची ठेवू?

चारही चाकांना १५५/८० आर १४, डिकीत मात्र अजून जुना ५.२०-१४, आणि दुकानदार म्हणतोय, ‘१६५/६५ आर १४ कुठंही मिळतो, तोच टाका, स्टेपनीच तर आहे.’ टाकू नका. पाचवाही १५५/८० च घ्या, चार दिवस थांबावं लागलं तरी.

रिम चौदाची म्हणून चाकं सारखी होत नाहीत. हिशेब करून बघा. टायरची रुंदी १५५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ८० टक्के म्हणजे १२४, वरची-खालची बाजू मिळून २४८, त्यात १४ इंची रिमचे ३५५.६. उंची भरली ६०४ च्या आसपास. दुकानदाराचा टायर भरतो ५७०. एका फेऱ्याला दहा सेंटिमीटरचा फरक, किलोमीटरला तीसेक फेरे जास्त. पद्मिनीत इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते. तिथं असली विजोड जोडी लावली की सरळ रस्त्यावरसुद्धा डिफरन्शियलला, म्हणजे वळणावर दोन चाकांना कमी-जास्त वेगानं फिरू देणाऱ्या गिअरपेटीला, वाटतं गाडी वळतेय, आणि आतले छोटे गिअर सारखे फिरत राहतात. कोल्हापुरातल्या कोल्हापुरात, रंकाळ्यावरून लक्ष्मीपुरीपर्यंत, काही बिघडणार नाही. पण लांब गगनबावड्याला निघालात तर?

जुना ५.२०-१४ उंचीला १५५/८० च्या जवळ जातो, म्हणून बरेच जण तोच ठेवतात. पण तो क्रॉसप्लाय, म्हणजे जुन्या पद्धतीचा टायर. त्याच्या धाग्यांचे थर तिरपे, बाजू कडक. रेडियलची बाजू लवचीक. वळणावर दोघांची चाल वेगळी. एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला तो, असं होता होईतो नको. आणि क्रॉसप्लाय लावायची वेळ आलीच तर निदान मागे नको. पुढे रेडियलची पकड चांगली नि मागची कमी झाली, की पावसात गाडीचं बूड सुटतं. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको.

त्यामुळे विजोड स्टेपनी असताना मागचं चाक पंक्चर झालं, तर पुढचं एक चांगलं चाक मागे न्या आणि स्टेपनी पुढे लावा. जॅक दोनदा लावायचा वैताग आहे खरा. मग पहिल्या पंक्चरवाल्यापर्यंत सावकाश चला.

साइजइतकंच वय बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. डिकीतल्या टायरची नक्षी कोरी करकरीत दिसते, पण रबर आतून कडक झालेलं असतं. दहा वर्षांवरचा टायर मी तरी घाटात नेणार नाही, त्याच्यावर नव्या टायरचे रबरी केस उरलेले असले तरी.

ट्यूब घालाच, आणि रेडियलला चालणारीच मागा. त्या काळच्या रिम ट्यूबच्या टायरसाठी केलेल्या आहेत. २०२० साली स्टेपनी न ठेवायची सवलत आली, ती ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या गाड्यांना. तुमच्या गाडीला ती नाही.

जुनी रिम वाकडी असेल तर टायर चढवण्याआधी उद्यमनगरात कुणाला तरी दाखवून घ्या. आणि बदली रिम भंगारातून आणणार असाल तर ती घरीच एकदा गाडीला चढवून बघा, नुसत्या इंचांवर जाऊ नका. चौदाची असूनही बोल्टची भोकं न जुळणाऱ्या रिम भरपूर फिरतात.