आजी म्हणते, नातू नजर देत नाही

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, जन्मापासून इथं ब्रिटनमध्येच. शाळेनं सुचवलं म्हणून तपासणी केली. ऑटिझमसारखी (स्वमग्नतेसारखी) काही लक्षणं आहेत, पण ऑटिझम नाही, असं डॉक्टर म्हणाले. बेळगावला सासूबाईंना मात्र ते पटत नाही. ‘फोनवर एकदा डोळ्याला डोळा देत नाही पोर, तुम्ही काहीतरी लपवताय,’ म्हणतात. काय सांगू?

उत्तर : आधी फोनचंच बघा. कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेला असतो. नातू आजीचा चेहरा टक लावून बघत असला, तरी बेळगावच्या शहापुरात बसलेल्या आजीला त्याची नजर खालीच दिसणार. व्हिडिओ कॉलवर मुलाची नजर कुणाला तपासू देऊ नका.

ही लक्षणं कमी-अधिक प्रमाणात सगळ्यांतच असतात. केंब्रिजचे ऑटिझम-संशोधक सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाची, अशी लक्षणं मोजणारी २००१ ची ५० विधानांची प्रश्नावली हेच धरून चालते. गुण थोडे जास्त आले म्हणजे निदान झालं, असं नव्हे. नजरेचंही तसंच. सिनेमातले प्रसंग बघताना ऑटिझम असलेल्या तरुणांची नजर डोळ्यांवर कमी आणि तोंडावर, वस्तूंवर जास्त जाते, हे संशोधक आमी क्लिन यांनी २००२ मध्ये दाखवलं. पण तोंडाकडे बघण्याची कारणं अनेक. दोन भाषा ऐकत वाढणारी तान्ही बाळंही बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जास्त बघतात, हे बार्सिलोनातल्या संशोधकांना २०१५ मध्ये आढळलं. बेळगावात मराठी-कानडी ऐकत किती पोरं वाढतात!

तुम्ही वेगळं बघा. सुट्टीत गावी जाल, तेव्हा त्याला तिथल्या वडगावात साड्या विणायच्या मागावर न्या. तो इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याकडेच बघत बसेल. बसू दे. मध्येच वळून ‘आजी, हे बघ ना’ म्हणतो का? आजीनं साडीच्या काठाकडे बोट केलं, तर तिकडं बघतो का? आपल्याला आवडलेलं दुसऱ्याला दाखवावंसं वाटणं, हे मला नजरेला नजर देण्यापेक्षा फार मोलाचं वाटतं.

हनुवटी धरून ‘वर बघून बोल’ म्हणणं मात्र आजपासून बंद. त्यानं नजर सुधारत नाही, पोर बोलायचंच टाळायला लागतं. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवावी, असं आपणच शिकवत आलो, हेही सासूबाईंना प्रेमानं आठवून द्या. आणि डॉक्टरांचा रिपोर्ट त्यांना मराठीत नीट समजावून सांगा. अर्धवट सांगितलं की संशय वाढतो.

पुढं शाळेत तो एकटा पडू लागला, आवाज-गर्दीचा त्रास वाढला किंवा रोजचं वागणं अवघड झालं, तर त्याच डॉक्टरांकडे पुन्हा जा. तेव्हा ‘मागे नाही म्हणाले होते’ म्हणून थांबू नका.