वाचकांचे प्रश्न, वैद्यांची उत्तरे : डिंकाचे लाडू, तिळाचे तेल आणि गव्हाच्या दाण्याएवढा चुना

थंडी सुरू झाली की या सदराच्या टपालात निम्म्याहून अधिक पत्रे गुडघ्यांविषयी असतात, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘वाताचा त्रास’ हे दोन शब्द असतात. हे दोन शब्द इतक्या निरनिराळ्या दुखण्यांना वापरले जातात की उत्तर देण्याआधी दुखणे नेमके कोणते, हे पाहण्यातच निम्मे काम असते. या अंकासाठी त्यातली तीन पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : माझे वय ५८ असून पाळी जाऊन आठ वर्षे झाली. वजन ७४ किलो आहे आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. उठताना गुडघे कटकट वाजतात आणि जिना उतरताना दुखतात. सासूबाई दर थंडीत डिंकाचे लाडू करीत असत. शेजारणी म्हणतात, गुडघ्यातले वंगण संपले आहे, लाडू खा, भरून येईल. खावेत का, आणि किती? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : सांधा नुसता वाजत असेल आणि दुखत नसेल, तर त्याची फारशी काळजी करू नये. आपल्याला जिना उतरताना दुखते, म्हणून गुडघ्याची झीज सुरू झाली आहे का, हे अस्थिरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासून घ्यावे. आयुर्वेदात या दुखण्याला संधिगत वात म्हणतात. चरकसंहितेत त्याचे वर्णन करताना, सांध्यावरची सूज हाताला वारा भरलेल्या पखालीसारखी लागते आणि पाय पसरताना किंवा आखडताना वेदना होतात, असे सांगितले आहे. अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथाचा कर्ता वाग्भट यानेही अस्थी, म्हणजे हाडे, हे वाताचे राहण्याचे ठिकाण मानले आहे. म्हणून वाढत्या वयात, रूक्षता वाढते त्या काळात, स्निग्ध आहार आणि तेल हे दोन उपाय परंपरेने पुढे आले.

आता लाडवांविषयी. डिंक चिकट असतो म्हणून तो सांध्यात जाऊन वंगण होतो, ही समजूत ऐकायला सोपी आहे, पण शरीर अशा रीतीने चालत नाही. डिंक हा मुख्यतः विरघळणारा तंतू आहे. तो पोटात जातो, आतड्यातल्या जिवाणूंचे खाद्य होतो आणि गुडघ्यापर्यंत डिंक म्हणून कधीच पोहोचत नाही. तरीही मी लाडवाला नाव ठेवणार नाही, कारण त्यात सुके खोबरे, खारीक, खसखस, बदाम आणि तूप एकत्र येतात, आणि पूर्वी बाळंतिणीला किंवा शेतात राबणाऱ्या माणसाला थंडीच्या दिवसांत जी भर हवी असे, ती या एका घासातून मिळत असे. आपल्याला शेतात राबायचे नाही, आणि वजन व साखर दोन्ही सांभाळायचे आहे, हा फरक मात्र लक्षात ठेवावा लागेल.

म्हणून लाडू करायचेच असतील तर गूळ अगदी बेताचा घालून गोडवा खारकेच्या पुडीवर सोपवावा, आणि लाडू लिंबाएवढाच वळावा. रोज सकाळी एक, तोही न्याहारीत भर म्हणून नव्हे, तर एका पोळीच्या बदल्यात. खारकेलाही साखर असतेच, त्यामुळे पहिल्या आठवड्यात रक्तातली साखर तपासून पाहावी. डिंक तळताना तूप चांगले तापू द्यावे आणि चिमूटचिमूटच टाकावा. खडा लाहीसारखा फुलला की काढून वाटीच्या बुडाने दाबून पाहावा. चुरा झाला तर ठीक, मध्ये टणक गर राहिला तर तो दाताला चिकटतो आणि पोटाला जड होतो. ज्यांची भूक मंद आहे, जेवणानंतर पोट फुगते, त्यांनी आधी पचन सुधारावे. आयुर्वेदानुसार शरीर सात धातूंनी घडते, आणि अस्थिधातू, म्हणजे हाडे, त्यांत पाचवा आहे. रस, रक्त, मांस आणि मेद यांच्यानंतर त्याची पाळी येते, त्यामुळे अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद असताना खाल्लेला लाडू मेदाजवळच थांबतो, असे आम्ही वैद्य रुग्णांना थट्टेने सांगतो.

हाडांसाठी मला लाडवापेक्षा रोजचे ताट अधिक महत्त्वाचे वाटते. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत म्हटले आहे. आपल्या स्वयंपाकघरात हे जमते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून पावणेदोनशेच्या आसपास मिळते. कपभर दुधातून किंवा दह्यातून दोनशेहून थोडे अधिक. सालासकट तिळाच्या एका मोठ्या चमच्यातून साधारण शंभर, जरी तिळाच्या सालीतल्या ऑक्झलेटमुळे ते सगळे अंगी लागत नाही. शेवग्याचा पालाही या बाबतीत श्रीमंत आहे, पण तो शहरात कोण विकत घेतो! नाचणीबद्दल एक सावधगिरी अशी, की फडक्यातून गाळून वाळवलेले सत्त्व पचायला हलके असले तरी नाचणीचे कॅल्शियम बहुतेक तिच्या सालीत असते आणि गाळताना ते चोथ्याबरोबर निघून जाते. आजाऱ्याला सत्त्व द्यावे, आपण मात्र भाकरी किंवा मोड आणून दळलेल्या पिठाचे आंबील घ्यावे. एवढे करूनही ड जीवनसत्त्व कमी असेल तर कॅल्शियम नीट शोषले जात नाही. ते अन्नातून फारच थोडे मिळते, काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हातून तर मिळतच नाही, म्हणून त्याची रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

शेवटी गुडघ्याचे. वजन एक किलोने उतरले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत तसाच धरावा आणि सावकाश खाली आणावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ करावे. मांडीचा पुढचा स्नायू भक्कम झाला की जिना पुष्कळ सुसह्य होतो. कोमट तिळाचे तेल आंघोळीआधी पंधरा मिनिटे हलक्या हाताने लावायला हरकत नाही.

प्रश्न : आईचे वय ४६ आहे. तीन महिन्यांपासून सकाळी तिच्या दोन्ही हातांची बोटे सुजलेली असतात, तासभर मूठ वळत नाही, अंगात कणकण असते आणि भूकही गेली आहे. आम्ही रोज गरम तेलाने मालिश करतो, पण त्यानंतर दुखणे वाढते असे ती म्हणते. तेल बदलावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तेल बदलू नका, सध्या बंद करा. आईंचे म्हणणे खरे असण्याची दाट शक्यता आहे. आधीच्या पत्रातला वात आणि हा वात वेगळा आहे. दोन्ही हातांच्या लहान सांध्यांची सूज, सकाळचा दीर्घ ताठरपणा, मंद ज्वर आणि अरुची ही लक्षणे माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथात आमवात या नावाने सांगितलेल्या व्याधीशी जुळतात. यात आम, म्हणजे नीट न पचलेल्या अन्नाचा अंश, वाताबरोबर सांध्यांत जाऊन बसतो असे मानले आहे, आणि आम असताना स्नेहन, म्हणजे तेला-तुपाचा उपचार, करू नये हा आमचा जुना नियम आहे. वाग्भटाने नित्य अभ्यंगाचा, म्हणजे तेल चोळण्याचा, आग्रह धरला, पण त्याच ठिकाणी अजीर्ण असताना तो वर्ज्यही सांगितला. लोक पहिला भाग पाठ करतात आणि दुसरा विसरतात.

दुखऱ्या सांध्यांना बारीक वाळू तव्यावर तापवून, जाड कापडाच्या पुरचुंडीत बांधून, आपल्या मनगटावर चटका बसत नाही ना हे पाहून कोरडा शेक द्यावा. दही, उडीद आणि शिळे अन्न काही दिवस टाळावे, पाणी सुंठ घालून उकळलेले द्यावे, रात्रीचे जेवण लवकर आणि हलके असावे. एरंडेलाला या व्याधीरूपी हत्तीला मारणारा सिंह म्हटले आहे, तरी त्याची मात्रा प्रत्यक्ष तपासूनच ठरवावी लागते. ते घरच्या घरी रोज पाजू नये.

मात्र हे सर्व करताना दिवस घालवू नका. संधिवाततज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या आणि रक्ताच्या तपासण्या करून घ्या. हा ऱ्हुमॅटॉइड संधिवात निघाला, तर सुरुवातीच्या महिन्यांत योग्य औषध मिळण्यावर बोटे वाकडी होणे-न होणे बरेचसे अवलंबून असते. ते औषध सुरू झाल्यावर आयुर्वेदीय उपचार त्याच्या जोडीने, दोन्ही चिकित्सकांना माहिती देऊन घ्यावेत. आणि कोणी बिननावाच्या पुड्या दिल्या, ज्यांनी दोन दिवसांत दुखणे पार पळाले, तर आनंद मानण्याआधी त्या पुड्या डॉक्टरांना दाखवाव्यात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे, आणि स्टेरॉइड दीर्घकाळ पोटात गेले की हाडेच ठिसूळ होतात.

प्रश्न : वय ७१. पाय घसरून मनगट मोडले होते, आता प्लास्टर निघाले आहे. मोबाइलवर आलेल्या संदेशात रोज गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना दह्यातून घ्यावा असे लिहिले होते. कांडवेलाची भाजीही सुचवली आहे. दोन्ही चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : चुना नको. गव्हाच्या दाण्याचे वजन चाळीस-पन्नास मिलिग्रॅम असते, आणि ओल्या चुन्यात पाणीही बरेच असते. त्या ठिपक्यातून मिळणारे कॅल्शियम ज्या दह्यात तो कालवला त्याच्यापुढे नगण्य आहे. फायदा दिसेना म्हणून मात्रा वाढवावी, तर चुना तोंड आणि अन्ननलिका पोळतो, आणि मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना तो अधिकच नको. नुसते दही खावे.

कांडवेलाला संस्कृतात अस्थिशृंखला म्हणतात आणि मोडलेल्या हाडासाठी ती परंपरेने वापरली जाते. तिची कोवळी कांडी घ्यावी, हाताला तेल लावून शिरा काढाव्यात, तुकडे तेलात चांगले परतावेत आणि चिंच घालूनच चटणी करावी. कच्ची राहिली तर घसा खवखवतो. आठवड्यातून दोनदा एक चमचा चटणी जेवणात घ्यायला हरकत नाही, पण तीच औषध समजून हाडांची घनता मोजण्याची डेक्सा तपासणी टाळू नका, कारण नुसत्या घसरण्याने मनगट मोडणे हे हाडे विरळ झाल्याचे पहिले चिन्ह असू शकते. तपासणीची तारीख मिळेपर्यंत न्हाणीघरात, पाट ठेवता त्या बाजूच्या भिंतीला, उभे राहताना हात पोहोचेल अशा उंचीवर लोखंडी दांडी बसवून घ्या, आणि अंगाला तेल लावायचे असेल तर पायाच्या तळव्यांना मात्र ते आंघोळीआधी लावू नका.